विल्सन यांची चौदा कलमे : शांततेचा आदर्श की शत्रूशी केलेला करार?

ताम्रपट (मूळ लेख)

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ८ जानेवारी १९१८ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांपुढे जे भाषण केले, त्यातील चौदा कलमे आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदात आटोपली जातात. प्राध्यापकी वळणाचा एक सज्जन नेता, त्याचे उदात्त विचार, आणि त्या विचारांवर पाणी फिरवणारे फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो व ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज हे दोन मुरब्बी मुत्सद्दी, अशी ती गोष्ट असते. ती सर्वस्वी खोटी नाही. पण तिच्यामुळे एक महत्त्वाची बाब नजरेआड होते, आणि तिच्याविषयी येथील जाणकारांशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे, की ही कलमे जानेवारी १९१८ मध्ये जाहीरनामा होती, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती करार झाली, आणि त्यांच्याविषयीची पुढची बरीचशी कटुता या रूपांतरातून निर्माण झाली.

आधी जानेवारीची परिस्थिती पाहू. नोव्हेंबर १९१७ मध्ये सत्ता हाती येताच बोल्शेविकांनी झारच्या परराष्ट्र खात्यात सापडलेले गुप्त तह छापायला सुरुवात केली. इटलीने युद्धात उतरावे म्हणून १९१५ च्या लंडन तहात तिला दक्षिण टायरॉल आणि एड्रियाटिकच्या किनाऱ्याचा काही भाग कबूल करण्यात आला होता, आणि ऑटोमन साम्राज्यातील अरब प्रदेश ब्रिटन व फ्रान्स यांनी आपसांत वाटून घेतले होते, हे त्यामुळे जगजाहीर झाले. आपण न्यायासाठी लढत आहोत असे सांगणाऱ्या दोस्त सरकारांची यातून चांगलीच पंचाईत झाली. शिवाय ब्रेस्ट-लिटोव्स्क येथे रशिया आणि जर्मनी यांच्यात स्वतंत्र वाटाघाटी सुरू होत्या. विल्सन यांना एकाच भाषणातून रशियाला धीर द्यायचा होता, जर्मनीतील समाजवाद्यांना त्यांच्या सरकारपासून दूर करायचे होते आणि दोस्त देशांतल्या थकलेल्या जनतेला लढण्यासाठी काही कारण द्यायचे होते. तीनच दिवस आधी, ५ जानेवारीला, लॉइड जॉर्ज यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये कामगार संघटनांच्या प्रतिनिधींपुढे बऱ्याच अंशी याच आशयाचे भाषण केले होते. म्हणजे आदर्शवादाचा मक्ता त्या आठवड्यात एकट्या विल्सन यांच्याकडे नव्हता.

कलमांचा कच्चा माल विल्सन यांचे निकटचे सल्लागार कर्नल हाउस यांच्या देखरेखीखालील ‘इन्क्वायरी’ नावाच्या अभ्यासकांच्या मंडळाने पुरवला होता. वॉल्टर लिपमन हे तरुण पत्रकार त्याचे सचिव होते. पहिली पाच कलमे सर्वसाधारण तत्त्वांची आहेत : उघड तह, समुद्रावर संचारस्वातंत्र्य, व्यापारातील अडथळे दूर करणे, शस्त्रकपात आणि वसाहतींच्या दाव्यांचा निःपक्षपाती निवाडा. सहा ते तेरा ही कलमे नकाशाची आहेत. त्यांत रशिया, बेल्जियम, आल्सास-लोरेन, इटलीची सीमा, ऑस्ट्रिया-हंगेरी, बाल्कन, तुर्कस्तान आणि पोलंड येतात. चौदावे कलम राष्ट्रसंघाचे, म्हणजे शांतता राखण्यासाठी राष्ट्रांची कायम संघटना उभारण्याचे. विल्सन यांचा जीव याच कलमात होता आणि पुढे त्यासाठी त्यांनी इतर कलमांची किंमत मोजली.

आता ऑक्टोबर १९१८ कडे येतो, कारण खरे नाट्य तिथे आहे. पश्चिम आघाडी मोडू लागल्यावर जर्मनीचे नवे चॅन्सेलर प्रिन्स माक्स यांनी थेट विल्सन यांना तार करून चौदा कलमांच्या आधारावर युद्धबंदी मागितली. त्यांनी ती लंडन किंवा पॅरिसकडे मागितली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. महिनाभर पत्रव्यवहार चालला. तिकडे पॅरिसमध्ये हाउस दोस्त नेत्यांचे मन वळवत होते, आणि ते तयार होईनात तेव्हा अमेरिका स्वतंत्रपणे तह करू शकेल, अशी गर्भित धमकीही त्यांनी दिली. अखेर ५ नोव्हेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री लान्सिंग यांनी जर्मनीला कळवले, की दोन अपवाद सोडून दोस्त राष्ट्रे अध्यक्षांच्या कलमांवर तह करण्यास तयार आहेत. पहिला अपवाद समुद्रावरील स्वातंत्र्याचा होता. ब्रिटनला त्याबाबत हात बांधून घ्यायचे नव्हते. दुसरा खुलासा असा, की आक्रमणामुळे नागरिकांच्या जीविताचे व मालमत्तेचे जे नुकसान झाले त्याची भरपाई जर्मनीने करावी. या पत्राच्या भरवशावर जर्मनीने ११ नोव्हेंबरला शस्त्रे खाली ठेवली.

पण याच काळात आणखी एक कागद तयार झाला होता. हाउस यांच्या सूचनेवरून लिपमन आणि संपादक फ्रँक कॉब यांनी प्रत्येक कलमावर भाष्य लिहिले आणि ते ऑक्टोबरच्या अखेरीस दोस्तांच्या नेत्यांपुढे ठेवण्यात आले. उघड तह म्हणजे गोपनीय बोलणी बंद असे नव्हे, असे त्यात आहे. वसाहतींविषयीचे पाचवे कलम युद्धामुळे उपस्थित झालेल्या दाव्यांपुरतेच आहे, जगातील सगळ्या वसाहतींचा प्रश्न उकरून काढण्याचा हेतू नाही, असेही त्यात स्पष्ट आहे. हे भाष्य जर्मनीला दाखवले गेले नाही. ज्या कराराचा मजकूर दोन्ही पक्षांकडे आहे परंतु ज्याचा अर्थ एकाच पक्षाला ठाऊक आहे, तो करार पाळला गेला की मोडला गेला, हे ठरवायचे कसे? माझा प्रश्न इतकाच आहे. विल्सन भाबडे होते की ढोंगी, ही चर्चा शक्यतो टाळावी, ही विनंती.

मोडीवाचक

लेख आवडला. ते भाष्य केवळ जर्मनीलाच ठाऊक नव्हते असे नाही. पाचवे कलम वाचून ज्यांच्या आशा पालवल्या, त्या आशिया-आफ्रिकेतील लोकांनाही ते ठाऊक नव्हते. आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाने हिंदुस्थानला स्वयंनिर्णयाचे तत्त्व लागू करावे अशी मागणी केली आणि पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी व हसन इमाम यांची प्रतिनिधी म्हणून निवड केली. टिळक तेव्हा चिरोल खटल्याच्या (ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर त्यांनी केलेल्या बदनामीच्या दाव्याच्या) निमित्ताने लंडनमध्येच होते. खटला फेब्रुवारी १९१९ मध्ये त्यांच्या विरोधात गेला, खर्चाचा बोजा प्रचंड होता, आणि पॅरिसला जाण्याचा परवाना सरकारने दिला नाही. तेव्हा ११ मार्च १९१९ रोजी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना सविस्तर पत्र लिहिले आणि त्याची प्रत विल्सन यांना पाठवली. विल्सन यांच्या सचिवाकडून उत्तर आले, ते विनम्र आणि पोकळ होते : हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य त्या अधिकाऱ्यांकडून विचारात घेतला जाईल.

मला यात रस वाटतो तो टिळकांच्या युक्तिवादात. त्यांनी गाऱ्हाणे मांडले नाही. विस्तार, साधनसंपत्ती आणि लोकसंख्या पाहता हिंदुस्थान हा आशियात राष्ट्रसंघाचा भक्कम आधार ठरू शकेल, जगाच्या शांततेसाठी तो स्वयंशासित असणे सोयीचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे चौदाव्या कलमाच्या दाराने पाचव्या कलमाकडे जाण्याचा तो प्रयत्न होता. ज्या माणसाने मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढली होती, तो विल्सन यांच्या भाषणाने भारावून गेला असेल असे मला वाटत नाही. शत्रुपक्षाच्या मित्राने जाहीर सभेत एखादी कबुली दिली, तर ती लगेच नोंदवून घ्यावी आणि वसुलीचा तगादा लावावा, हे त्यांच्या राजकारणाला धरूनच होते.

बाकी हिंदुस्थानला परिषदेत जागा मिळाली होती, हेही विसरू नये. भारतमंत्री मॉन्टेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा हे तिथे होते, आणि व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने स्वाक्षऱ्याही झाल्या. स्वतःचे सरकार नसलेला देश राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला! आणि परिषद चालू असतानाच मार्चमध्ये रौलट कायदा झाला व १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली.

सागरगड

दोन्ही लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु करार आणि त्याचा भंग ही वकिली चौकट मला अपुरी वाटते. भाष्य दाखवले असते किंवा नसते, तरी नकाशावर या तत्त्वांची अंमलबजावणी होणे शक्यच नव्हते, आणि दोष तिथे आहे.

पोलंडचे उदाहरण घ्या. तेराव्या कलमात एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत : निर्विवाद पोलिश वस्तीचा प्रदेश पोलंडला मिळावा आणि पोलंडला समुद्राकडे मुक्त व सुरक्षित वाट मिळावी. समुद्राकाठचे बंदर डान्झिग, आणि तिथली वस्ती बहुतांश जर्मन. पहिले वचन पाळले तर दुसरे मोडते, दुसरे पाळले तर पहिले. डान्झिगला ‘मुक्त शहर’ करण्याची तडजोड झाली आणि ती दोघांनाही पटली नाही. बोहेमियात असाच पेच होता. तेथील डोंगराळ सरहद्द चेकोस्लोव्हाकियाच्या संरक्षणासाठी आवश्यक, पण त्या पट्ट्यात सुमारे ३० लाख जर्मनभाषक. मध्य युरोपातील गावे शतकानुशतके एकमेकांत मिसळलेली होती. शहरात एक भाषा, भोवतालच्या खेड्यांत दुसरी, जमीनदाराची तिसरी. अशा प्रदेशावर भाषेप्रमाणे रेघ ओढणे म्हणजे काय, हे भाषावार प्रांतरचनेच्या वेळी बेळगावचा वाद अनुभवलेल्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

लान्सिंग हे विल्सन यांचेच परराष्ट्रमंत्री. त्यांनी १९१८ च्या अखेरीसच स्वतःच्या टिपणांत स्वयंनिर्णयाच्या कल्पनेत स्फोटके भरलेली आहेत अशी धास्ती व्यक्त केली होती. चौदा कलमांच्या मजकुरात हा शब्द नाही, तो ११ फेब्रुवारी १९१८ च्या भाषणात आला. पण लोकांनी तो कलमांनाच चिकटवला आणि विल्सन यांनी तो कधी सोडवला नाही. ज्याची व्याख्या केलेली नाही ते तत्त्व जगापुढे ठेवणे हा आदर्शवाद नव्हे, निष्काळजीपणा आहे.

ताम्रपट

@सागरगड, पोलंडचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही ‘अशक्य होते म्हणून झाले नाही’ आणि ‘शक्य होते, पण केले नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे मला वाटते.

दक्षिण टायरॉल घ्या. नवव्या कलमाप्रमाणे इटलीची सीमा राष्ट्रीयत्वाच्या सहज ओळखता येणाऱ्या रेषेवरून जायला हवी होती. तिथे ही रेषा बरीच स्पष्ट होती. ब्रेनर खिंडीच्या दक्षिणेला दोन लाखांहून अधिक जर्मनभाषक सलग वस्तीत राहत होते. तरी ब्रेनरपर्यंतचा प्रदेश इटलीला दिला गेला, कारण लंडन तहात तो कबूल झाला होता. गुप्त तह नकोत म्हणणाऱ्या पहिल्या कलमाच्या कर्त्याने गुप्त तहानुसार नवव्या कलमाचा भंग होऊ दिला. उलट फ्यूमे बंदराच्या बाबतीत तेच विल्सन इतके ताठर झाले, की त्यांनी इटलीच्या जनतेला उद्देशून जाहीर निवेदन काढले आणि पंतप्रधान ओर्लांदो एप्रिल १९१९ मध्ये परिषद सोडून रोमला निघून गेले. एकाच देशाच्या सीमेबाबत एकाच माणसाचे हे दोन निर्णय आहेत.

आणि जिथे लोकांचे मत विचारण्याची सोय केली, तिथे गोष्टी बऱ्यापैकी निभावल्या. श्लेस्विगमध्ये १९२० साली सार्वमत झाले, उत्तर भाग डेन्मार्ककडे गेला, मधला जर्मनीकडे राहिला, आणि ती सीमा आजही तीच आहे. क्लागेनफुर्टच्या खोऱ्यात स्लोव्हेनियनभाषक बहुसंख्य असलेल्या विभागानेही ऑस्ट्रियात राहण्याचा कौल दिला, म्हणजे भाषेवरून माणसाची इच्छा ओळखता येते हे गृहीतकच तिथे खोटे ठरले. ऑस्ट्रियातील जर्मनांना मात्र जर्मनीत सामील होण्याविषयी विचारण्यात आले नाही. ते सामीलीकरण तहानेच रोखले. तेव्हा अडचण केवळ नकाशाची नव्हती. कोणाला विचारायचे आणि कोणाला नाही, हे आधीच ठरले होते.

रेवाकाठ

चर्चा युरोपातच अडकून पडली आहे, म्हणून थोडी दिशा बदलते. विल्सन भाबडे की ढोंगी हे बोलू नये अशी धागाकर्त्यांची विनंती मान्य आहे, पण ‘लोक’ या शब्दात विल्सन कोणाला धरत होते, हा प्रश्न विषयाला सोडून नाही.

राष्ट्रसंघाच्या सनदेत राष्ट्रांच्या समानतेचे तत्त्व नमूद करावे, असा जपानचा प्रस्ताव होता. पहिला मसुदा वंशभेदाविषयी स्पष्ट होता. तो सौम्य करून ११ एप्रिल १९१९ रोजी सनद तयार करणाऱ्या आयोगापुढे पुन्हा ठेवला गेला. १७ पैकी ११ मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. इतक्या महत्त्वाच्या बाबीत एकमत हवे असे सांगून त्यांनी प्रस्ताव मंजूर झालेला नाही असा निर्णय दिला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूजेस यांचा कडवा विरोध आणि ब्रिटनची त्यांना साथ, हे त्यामागचे तात्कालिक कारण होते. पण अमेरिकेत परतल्यावर सिनेटमधील दाक्षिणात्य सदस्य काय म्हणतील, याची चिंताही होतीच. याच विल्सन यांच्या कारकिर्दीत, १९१३ पासून, वॉशिंग्टनमधील सरकारी कचेऱ्यांत गोरे व कृष्णवर्णीय कर्मचारी वेगळे बसवायला सुरुवात झाली होती. विल्यम मन्रो ट्रॉटर या कृष्णवर्णीय संपादकांनी त्यावरून १९१४ मध्ये व्हाइट हाउसमध्ये त्यांच्याशी समोरासमोर वाद घातला होता. १९१९ मध्ये ट्रॉटर यांना पॅरिससाठी पासपोर्ट नाकारला गेला, तेव्हा ते जहाजावर स्वयंपाक्याची नोकरी धरून फ्रान्सला पोहोचले. परिषदेने त्यांना दाद दिली नाही.

जपानचा हा पराभव पुढे चीनच्या अंगावर आला. जपान परिषद सोडून जाईल या भीतीने चीनच्या शांटुंग प्रांतातील जर्मन हक्क जपानला देण्यास विल्सन राजी झाले. ही बातमी पेकिंगला पोहोचताच ४ मे १९१९ रोजी विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. कोरियात १ मार्चपासून जपानी सत्तेविरुद्ध उठाव सुरू होता. इजिप्तमध्ये राष्ट्रवादी नेते झगलुल यांना परिषदेला जाऊ देण्याऐवजी माल्टाला हद्दपार केले गेले. तिथे उठाव पेटलेला असतानाच अमेरिकेने इजिप्तवरील ब्रिटिश संरक्षणसत्तेला मान्यता दिली. हे सर्व एकाच वसंत ऋतूत घडले. आपल्या टिळकांना निदान दोन ओळींचे उत्तर तरी आले, असे म्हणण्याची पाळी येते!

हिशेबनीस

अर्थकारणाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. ताम्रपट यांच्या कराराच्या चौकटीत सर्वांत स्पष्ट भंग कुठे झाला असेल, तर तो युद्धखंडणीच्या कलमांत.

५ नोव्हेंबरच्या पत्रात शब्द होते ते नागरिकांच्या नुकसानीचे. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधील उद्ध्वस्त घरे, खाणी, पूल, बुडवलेली व्यापारी जहाजे यांची भरपाई त्यात निःसंशय बसते. पण ब्रिटनच्या भूमीवर लढाई झाली नव्हती. केवळ नागरी नुकसान धरले असते, तर ब्रिटनचा आणि विशेषतः ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींचा वाटा फारच कमी झाला असता. यावर तोडगा काढला दक्षिण आफ्रिकेच्या स्मट्स यांनी. ३१ मार्च १९१९ च्या टिपणात त्यांनी असा युक्तिवाद केला, की सैनिक मुक्त झाल्यावर नागरिकच होतो, म्हणून त्याचे निवृत्तिवेतन आणि त्याच्या कुटुंबाला दिलेला भत्ता हेही नागरी नुकसानच आहे. विल्सन यांच्या कायदेतज्ज्ञ सल्लागारांनी हे तर्कात बसत नाही असे सांगितले. विल्सन यांनी ते तरीही मान्य केले. या एका निर्णयाने मागणीचा आकडा कितीतरी फुगला. गंमत म्हणजे हेच स्मट्स पुढे तहाच्या कठोरपणावर टीका करणाऱ्यांत अग्रभागी होते.

१९२१ मध्ये ठरलेला १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याबद्दल एवढे सांगावेसे वाटते, की त्यातील ८२ अब्जांचे रोखे ‘क’ वर्गातील होते आणि ते कधी वसूल होतील अशी जाणकारांची अपेक्षाच नव्हती. खरी मागणी ५० अब्जांच्या आसपास होती. मोठा आकडा मुख्यतः फ्रान्स व ब्रिटनमधील मतदारांना दाखवण्यासाठी होता. पण जर्मनीतील मतदारही तो वाचत होते.

सागरगड

हिशेबनीस यांचा प्रतिसाद उत्तम. आता विल्सन असे नमत का गेले, हे पाहावे लागेल. माझे उत्तर : चौदाव्या कलमासाठी. आज झालेला अन्याय उद्या राष्ट्रसंघ दुरुस्त करील, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे शांटुंग गेले तरी चालेल, निवृत्तिवेतने आत आली तरी चालेल, पण राष्ट्रसंघाची सनद तहाचाच भाग झाली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

आणि नेमके तेच कलम त्यांच्या घरात बुडाले. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली होती. तहाला सिनेटचे दोन तृतीयांश मत लागते, हे ठाऊक असताना त्यांनी पॅरिसच्या शिष्टमंडळात एकही वजनदार रिपब्लिकन नेता घेतला नाही. सिनेटर लॉज यांनी तहाला राखीव अटी जोडल्या. त्यांचा मुख्य रोख राष्ट्रसंघाच्या सनदेतील (चौदा कलमांतील नव्हे) दहाव्या कलमावर, म्हणजे सदस्य राष्ट्रांचे आक्रमणापासून रक्षण करण्याच्या बंधनावर होता, कारण त्यामुळे काँग्रेसच्या संमतीविना अमेरिका परक्या युद्धात ओढली जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप मला तरी वावगा वाटत नाही. विल्सन यांनी तडजोड नाकारून देशभर दौरा काढला, सप्टेंबरअखेर कोलोरॅडोत प्रकृती ढासळली आणि २ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. १९ मार्च १९२० च्या अंतिम मतदानात अटींसह तहाच्या बाजूने ४९ आणि विरुद्ध ३५ मते पडली. सात मते कमी पडली. विरोधात मत देणाऱ्यांत विल्सन यांच्या आदेशाप्रमाणे वागणारे त्यांच्याच पक्षाचे सदस्य होते. पॅरिसमध्ये जपानला, इटलीला, स्मट्स यांना सवलती देणाऱ्या माणसाला स्वतःच्या देशातील विरोधकांना एक सवलत देववली नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

मोडीवाचक

@सागरगड, आजारपणाचा त्या हट्टात किती वाटा होता, हे बाजूला ठेवता येणार नाही. पत्नी आणि डॉक्टर यांच्याखेरीज फार थोडे लोक त्यांना भेटू शकत होते.

बाराव्या कलमाविषयी एक भर घालतो. तुर्कस्तानच्या तुर्की भागाला सार्वभौमत्व आणि इतर लोकांना स्वायत्त विकासाची संधी, असे ते कलम होते. लॉइड जॉर्ज यांनीही कॅक्स्टन हॉलच्या भाषणात, तुर्कांकडून त्यांची राजधानी किंवा आशिया मायनर व थ्रेस हे प्रदेश हिरावून घेण्यासाठी आपण लढत नाही, असे म्हटले होते. हिंदुस्थानातील खिलाफतीच्या नेत्यांनी पुढे हेच वाक्य वचनभंगाचा पुरावा म्हणून सरकारपुढे धरले. अरब प्रदेशांत विल्सन यांनी किंग आणि क्रेन यांचा आयोग पाठवला. सीरियातील लोकांना फ्रान्सची सत्ता नको आहे असे आयोगाने निःसंदिग्धपणे कळवले, आणि अहवाल बासनात गेला. तो १९२२ पर्यंत प्रसिद्धही झाला नाही. मेसोपोटेमियाचे तर आपल्याशी थेट नाते आहे. कुत येथे वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. ज्या प्रदेशासाठी ते सैनिक उपासमार सोसून कैदेत गेले, तो १९२० मध्ये ‘मॅन्डेट’, म्हणजे राष्ट्रसंघाच्या वतीने कारभार पाहण्याचा अधिकार, या नावाने ब्रिटनकडे आला.

पाणवठा

एक साधी शंका आहे. जर्मनीने चौदा कलमांचा आधार घेऊन तहाच्या मसुद्यावर औपचारिक आक्षेप घेतला होता का? घेतला असल्यास त्याचा काही उपयोग झाला का? की वचनभंगाची ही सगळी भाषा नंतरच्या प्रचारातली आहे?

ताम्रपट

@पाणवठा, फार योग्य प्रश्न. आक्षेप घेतला होता आणि तो तपशीलवार होता. ७ मे १९१९ रोजी मसुदा हाती दिल्यावर जर्मन प्रतिनिधींना तोंडी चर्चेची मुभा नव्हती, केवळ लेखी म्हणणे मांडता येणार होते. परराष्ट्रमंत्री ब्रॉकडोर्फ-रान्ट्साउ यांच्या शिष्टमंडळाने २९ मे रोजी जे विस्तृत निवेदन दिले, त्याचा पायाच मुळी ५ नोव्हेंबरचे पत्र हा होता : आम्ही विशिष्ट अटींवर शस्त्रे ठेवली आणि हा मसुदा त्या अटींशी विसंगत आहे, असे कलमागणिक दाखवण्याचा त्यात प्रयत्न होता. प्रचाराने पुढे त्यात भरपूर विष कालवले हे खरे, आणि मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्स्कला रशियाकडून अवाढव्य प्रदेश तोडून घेणाऱ्या जर्मनीला चौदा कलमांची आठवण पराभव दिसू लागल्यावर झाली, हेही खरे. पण युक्तिवाद नंतर रचलेला नाही.

१६ जूनला दोस्तांनी उत्तर दिले. मसुदा कलमांशी सुसंगतच आहे, असे सांगून बहुतेक आक्षेप फेटाळले गेले. एक ठळक बदल मात्र झाला. मूळ मसुद्यात अपर सिलेसिया हा कोळशाचा समृद्ध प्रदेश थेट पोलंडला दिलेला होता. लॉइड जॉर्ज यांनी आग्रह धरल्यामुळे तिथे सार्वमत घेण्याचे ठरले. यात गंमत अशी, की जर्मनीला हा दिलासा मिळवून दिला तो लॉइड जॉर्ज यांनी, आणि विल्सन त्या बदलाला फारसे अनुकूल नव्हते. २० मार्च १९२१ रोजी मतदान झाले, सुमारे ६० टक्के मते जर्मनीच्या बाजूने पडली, पण गावागणिक कौल वेगळा होता. मे महिन्यात तिथे सशस्त्र उठाव झाला, ब्रिटन व फ्रान्स यांचे सीमेवर एकमत होईना, आणि अखेर प्रश्न राष्ट्रसंघाकडे सोपवला गेला. राष्ट्रसंघाच्या शिफारशीनुसार प्रदेशाची फाळणी झाली. खाणी आणि कारखान्यांचा मोठा भाग पोलंडकडे गेला. नवव्या आणि तेराव्या कलमांत न सुटलेला पेच चौदाव्या कलमाच्या संस्थेने कसा हाताळला, याचे हे बहुधा पहिले मोठे उदाहरण असेल. त्या फाळणीनंतर १९२२ मध्ये जिनिव्हात झालेल्या जर्मन-पोलिश करारात अल्पसंख्याकांच्या शाळा आणि तक्रारींची बरीच तपशीलवार व्यवस्था होती, आणि पंधरा वर्षांच्या मुदतीपर्यंत, म्हणजे १९३७ पर्यंत, ती चालू राहिली. त्या करारावर येथे कोणी वाचन केले असल्यास जरूर लिहावे; सागरगड यांच्या सीमेच्या प्रश्नाला कदाचित तिथूनच पुढे नेता येईल.